आदिलाबादला झालेली बदली

जून १९९४, शेवटचा शनिवार, दुपार.

हजर: आई. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे मामा. माझा धाकटा भाऊ. समोरच्या घरातल्या काकू. व्हरांड्यात गल्लीतली पोरं, पाटीवरच्या नंबराप्रमाणे. मी, उशिरा, गिरणीत गेले होते.

गैरहजर: बाबा. ते कॅम्पला होते. सरकारी दौऱ्याला आमच्याकडे कॅम्प म्हणतात.

हजेरी आधी मांडते, कारण बाबा घरात असते तर पुढचा गोंधळ एका वाक्यात मिटला असता.

मामा हैद्राबादच्या टोकाला, कुकटपल्लीला, टीव्हीच्या कारखान्यात होता. बाहेरच्या कंपन्यांचे टीव्ही दुकानांत दिसायला लागले आणि कारखान्याने लोकांना आपणहून निवृत्त व्हायला सांगितलं. मामाने सगळ्यांच्या आधी नाव दिलं. देश उघडलाय तर आपणही काहीतरी उघडावं, असं त्याचं म्हणणं. त्याने व्हिडिओ गेमचं दुकान उघडायचं ठरवलं. पण त्याच्या घराभोवती तेव्हा नुसती बांधकामं होती, पोरं नव्हती. पोरं आमच्या नल्लकुंट्यात होती. म्हणून दुकान आमच्या व्हरांड्यात आलं.

दुकान म्हणजे एकच यंत्र. त्याची पेटी अफझलगंजच्या एका सुताराने केली होती. त्याने जन्मभर कपाटंच केली असल्यामुळे यंत्रालाही खाली एक कप्पा ठेवला आणि त्याला कडी लावली. आईने पहिल्याच दिवशी तिथे कांदे-बटाटे भरले. पडदा म्हणजे मामाच्या कारखान्याचा, तपासणीत नापास झालेला टीव्ही. त्यात तांबडा रंग जास्त होता. आकाश गुलाबी, समुद्र जांभळा आणि झाडं विटकरी. पुढे बऱ्याच वर्षांनी तोच गेम मी दुसरीकडे निळ्या आकाशासकट पाहिला, तेव्हा मला तो नकली वाटला.

गेम असा. एक रोबो डावीकडून उजवीकडे चालत जातो. पडदा सरकत राहतो, थांबता येत नाही. समोरून विमानं, तोफा, उडत्या तबकड्या येतात, त्यांच्यावर गोळ्या झाडायच्या. तिसरं बटण दाबलं की रोबोचे पाय पोटात जातात, हातांचे पंख होतात आणि त्याचं विमान बनतं. विमान वेगाने जातं पण त्याच्या गोळ्या लेच्यापेच्या. रोबोच्या गोळ्या दणदणीत पण चाल म्हशीची. कुठे रोबो राहायचं आणि कुठे विमान व्हायचं, हे ज्याला कळलं तो पुढे गेला. सूचना कुठल्याशा परक्या लिपीत होत्या. त्या कुणालाही वाचता येत नसल्यामुळे प्रत्येक गोष्टीला पोरांनी आपली नावं दिली.

आमची गल्ली सरकारी नोकरांची. कुणाचे वडील महसुलात, कुणाचे वीज मंडळात, कुणाचे रस्ते खात्यात. घरात जे शब्द रोज कानावर पडत तेच पोरांनी वापरले. रोबोचं विमान होणं म्हणजे बदली. समोरून येणाऱ्या गोळ्या म्हणजे मेमो. बंदुकीला ताकद देणारी चमकती गोळी म्हणजे इन्क्रिमेंट. मेलं की सस्पेंड. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक अगडबंब जहाज वाट अडवून उभं असे, ते डायरेक्टर. टप्प्यांना नावं होती ती आपापल्या वडिलांना जिथे पाठवतील अशी घरात भीती असायची त्या गावांची. पहिलं शहर म्हणजे हैद्राबादच. दुसरं उजाड माळरान, ते अनंतपूर. तिसरं घनदाट जंगल, ते आदिलाबाद. चौथा समुद्र, तो श्रीकाकुलम. त्यापुढे कुणी गेलेलं नव्हतं.

आदिलाबादच्या जंगलात सगळे अडकत. तिथे तिसरं बटण चालत नसे. रोबो चिखलातून रखडत जायचा आणि वरून मेमो पडत राहायचे. श्रीकाकुलमचा समुद्र फक्त एका मोठ्या मुलाने पाहिला होता, तोही सस्पेंड होताहोता.

माझं काम नंबर लावायचं. तेव्हा मी इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीच्या कॉलेजला, होते. पाटीवर नावं लिहायची, झालं की पुसायचं, मधे घुसणाऱ्याला शेवटी टाकायचं. हे काम मला मागून मिळालं नव्हतं, माझ्याशिवाय ते कुणाला जमलं नाही म्हणून आलं.

बाबांना ही भाषा फार आवडे. संध्याकाळी ऑफिसातून आले की चपला काढता काढता ते व्हरांड्यात ऐकत उभे राहत.

"सस्पेंड झाल्यावर निम्मा पगार मिळतो का रे?" त्यांनी एकदा भावाला विचारलं.

"नाही बाबा. पुन्हा रुपया टाकावा लागतो."

"आमच्याकडेही तसंच आहे," बाबा म्हणाले आणि आत गेले.

आता आईचं सांगते, कारण सगळं तिच्यावर बेतलं होतं.

बाबांच्या प्रत्येक बदलीत आईची नोकरी गेली होती. करीमनगरला ती शाळेत लागली, वर्ष भरलं नाही तोच महबूबनगर. तिथे शिकवण्या जमल्या, तर निजामाबाद. एका गावच्या मुख्याध्यापकांनी तिला तोंडावर ऐकवलं होतं, "तुम्ही लोक सामान सोडायच्या आधीच बांधायला घेता. आम्हाला सांगता मात्र सगळ्यांच्या शेवटी." तो बोल तिला लागला. तेव्हापासून तिचा नियम होता की बदली कळली, की त्याच दिवशी शाळेला कळवायचं. आणि त्या जूनमध्ये, घरापासून चालत जाण्याजोग्या एका मराठी शाळेत, तिला कायम केलं होतं. चौथीचा वर्ग. हजेरीपटावर तिचं नाव पहिल्यांदा शाईने लिहिलं गेलं होतं. ती ते कुणाला सांगत नसे, पण त्या महिन्यात ती इस्त्री केलेली साडी नेसायला लागली होती.

आणि जून हा बदल्यांचा महिना.

त्या शनिवारी भावाला एक शोध लागला. जंगलात तिसरं बटण चालत नाही असं नव्हतं. रोबो पडक्या देवळाच्या पायरीवर चढला की तेवढ्यापुरतं चालत होतं. त्याने ते दाबलं, रोबोचं विमान झालं आणि झाडांवरून सुसाट निघालं. आमचा भाऊ खेळ तसाच टाकून गल्लीत पळाला आणि दोन्ही हात वर करून ओरडला,

"आदिलाबाद में बदली हो गया! बदली हो गया, आदिलाबाद!"

समोरच्या काकू गॅलरीत मिरच्या वाळत घालत होत्या. काकू तेलुगू. आईला त्या वदिना म्हणत, म्हणजे वहिनी. गल्लीतला एकुलता एक फोन त्यांच्याकडे होता आणि बाबांच्या ऑफिसचे निरोप तिथेच येत. काकूंनी आरोळी ऐकली, मिरच्या ठेवल्या, पदर सारखा केला आणि आमच्या स्वयंपाकघरात आल्या.

"वदिना, सुनी मैं. आदिलाबाद कते."

हैद्राबादेत 'कते' म्हणजे 'म्हणे'. काकूंना वाटलं, घरात बातमी आली म्हणून पोरगा ओरडतोय. आईला वाटलं, काकूंकडे फोन आला. दोघींनीही एकमेकींना विचारलं नाही. दुःखाच्या वेळी खोदून विचारू नये, एवढी रीत दोघींना होती.

"दो-तीन साल की बात है वदिना," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, "वो पत्थर का रोलु ले जाते क्या आप? भारी है बोलके पूछी."

आमचा दगडी रगडा काकूंना पहिल्यापासून आवडत असे.

आई व्हरांड्याच्या दारात गेली. भाऊ पुन्हा यंत्राला चिकटला होता. पुढचं बोलणं मला त्या दोघांकडून वेगवेगळं ऐकायला मिळालं, पण शब्द तेच.

"कुठे झाली रे?"

"आदिलाबाद," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

"नक्की?"

"हौ. मी स्वतः बघितलं ना."

"रद्द होईल का?"

"आता नाही होत. जंगल संपेपर्यंत तसंच राहावं लागतं."

"बाबांना माहीत आहे?"

"त्यांना कुठून माहीत असणार? कुणालाच माहीत नव्हतं. आज मलाच पहिल्यांदा कळलं."

आई आत गेली. हे पोरगं कसं हसत हसत सांगतंय, याचं तिला वाईट वाटलं. मामाचं लक्ष या बोलण्यात नव्हतंच. भाच्याच्या पराक्रमाने तो इतका खूष झाला की यंत्र बंद करून सगळ्या पोरांना मिरची भजी खायला चौकात घेऊन गेला.

मी पिठाचा डबा घेऊन आले तेव्हा व्हरांडा रिकामा होता, पत्र्याची ट्रंक माळ्यावरून खाली आली होती आणि आई टेबलाशी बसून लिहीत होती.

"बाबांची आदिलाबादला बदली झाली," ती म्हणाली. "समोर फोन आला."

गेममधल्या आदिलाबादला जाणाऱ्या पोरांची पाटी रोज मीच सांभाळत होते. पण फोन आला म्हटल्यावर माझ्या डोक्यात तसलं काही आलं नाही. माझ्या डोक्यात यादी आली. बदलीची यादी आमच्याकडे तयारच असे: गॅस, रेशन कार्ड, दोघांचे शाळा-कॉलेजचे दाखले, दूध, पेपर, शिंप्याकडचे कपडे. मी वाटेतच दूधवाल्याला पहिल्या तारखेपासून बंद सांगून टाकलं. वाटेत म्हणजे शाळेच्या वाटेवर, कारण आई कागद घडी करून तडक निघाली होती आणि मी तिच्याबरोबर होते.

प्रवेशाचे दिवस असल्यामुळे शाळेचं ऑफिस उघडं होतं. खिडकीशी पालकांची झुंबड. आत हेडक्लार्क, निवृत्तीला आलेले, आमच्यासारखेच जुन्या हैद्राबाद संस्थानातले मराठी, पण शिक्षण सगळं उर्दूतलं. हिशेबही ते मनातल्या मनात उर्दूत करत.

"या बाई. काय आणलंत?"

"राजीनामा," आई म्हणाली.

त्यांचा चेहरा फुलला. "राजीनामा? वा. बाकी कुणी द्यायला तयार नाही, आणि तुम्ही आपणहून आणलात. द्या इकडे."

त्यांनी कागद उघडला नाही. वरची घडी जराशी उचलली, मोठ्या अक्षरातला मथळा वाचला, कागद आईच्या फायलीत घातला, फीत बांधली आणि पुढच्या पालकाकडे वळले.

परतताना आई झपाझप चालत होती. नळाच्या कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, "एवढा आनंद झाला त्यांना. 'का' म्हणून तरी विचारायचं."

संध्याकाळी मामा आणि भाऊ आले. ट्रंक बघून मामाने आधी यंत्राकडे पाहिलं. त्याला यंत्राचं काय करायचं हा प्रश्न पडला असणार, पण तोंडाने तो म्हणाला, "ताई, तिथे निदान मराठी चालतं. बाजारात गवारीला गवार म्हटलेलं कळतं."

"बाबांची पण आदिलाबादलाच?" भावाने विचारलं.

त्यातल्या 'पण'कडे कुणाचंही लक्ष गेलं नाही. त्याला फक्त योगायोगाचं नवल वाटलं आणि तो जेवायला बसला.

रविवारी दिवे लागायच्या सुमाराला बाबा आले. व्हरांड्यात ट्रंक, ट्रंकेवर गुंडाळलेली गादी, गादीवर रगड्याचा वरवंटा. तो काकूंना द्यायचा म्हणून वेगळा ठेवला होता.

"कोण चाललंय?"

"आपण," आई म्हणाली. "आदिलाबाद. ऑफिसचा फोन आला होता."

बाबा वरवंटा बाजूला सारून गादीवर बसले. एक बूट काढला, दुसरा तसाच. "मी आत्ता ऑफिसच्या जीपमधून आलो. साहेब शेजारी बसले होते. दोन तास आंब्यांबद्दल बोलत होते. एक अक्षर सांगितलं नाही."

"ते कसं तोंडावर सांगतील?"

बाबा एक बूट घालूनच समोर गेले. काकूंचं उत्तर आम्हाला इथपर्यंत ऐकू आलं. "फोन? हमारे घर कू? नै तो. आपका बाबूच बोला ना, चिल्ला चिल्लाके."

भावाला बोलावलं. त्याने सांगितलं. देऊळ, पायरी, तिसरं बटण. सांगताना त्याला एकेकाचे चेहरे दिसत गेले आणि त्याचा आवाज बारीक होत गेला. मामा यंत्राच्या मागे जाऊन उगाच वायर तपासू लागला.

बाबांनी दुसरा बूट काढला. "दाखव," ते म्हणाले.

यंत्र चालू केलं. भावाने हैद्राबाद आणि अनंतपूर पार केलं, विटकरी जंगलात शिरला, देवळापाशी आला. "आता," तो म्हणाला आणि बाजूला सरला. बाबांनी पुढे होऊन तिसरं बटण दाबलं. पाय पोटात, हातांचे पंख. विमान.

"बावीस वर्षं नोकरी झाली," बाबा म्हणाले. "हे बटण पहिल्यांदा माझ्या हाताला लागलं." ते दाबतच राहिले. रोबो, विमान, रोबो, विमान. मग पायरीवरून घसरून सस्पेंड झाले आणि मामाकडे हात पुढे करून म्हणाले, "रुपया दे."

सगळे हसत होतो. आई दारात उभी होती, ती हसत नव्हती. हळूच म्हणाली, "मी राजीनामा दिलाय."

यंत्र आपलं आपलं वाजत राहिलं.

सोमवारी शाळा भरायच्या आधीच आई तिथे होती. कॉलेज त्याच बाजूला, म्हणून मीही थांबले. सगळी वाट ती वाक्य जुळवत आली होती: गैरसमज झाला, कागद परत द्यावा. पण ती काही बोलायच्या आत हेडक्लार्कांनी तिच्यापुढे दुसरा हजेरीपट सरकवला.

"तिसरी 'ब'. फार उपकार झाले बाई."

"तिसरी?"

"त्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. चौथीबरोबर तिसरीही घ्यायला कोण राजी आहे, म्हणून मी शुक्रवारी चिठ्ठी फिरवली होती. एकीनेही सही केली नाही. तुमचा राजीनामा आला आणि मी वरती कळवून टाकलं."

ती चिठ्ठी आईने वाचली होती, आणि गप्प बसायचं ठरवलं होतं.

माझ्या डोक्यात उजेड पडायला थोडा वेळ लागला. हेडक्लार्कांचे वडील कोर्टात मुन्शी होते. त्यांच्या घरात राजीनामा म्हणजे दोन्ही बाजू राजी झाल्याचा कागद, संमतीपत्र. नोकरी सोडायच्या कागदाला ते इस्तिफा म्हणत. आपण मराठी माणसं सोडून जायच्या कागदाला राजीखुशीचं नाव देतो. हेडक्लार्कांनी त्या नावाचा शब्दशः अर्थ घेतला होता.

आईने फायलीकडे पाहिलं. तिची फाइल गठ्ठ्याच्या मधोमध होती, फीत बांधलेली. कागद मागायचा तर ते फीत सोडणार, घडी उघडणार आणि वाचणार. पंधरा दिवसांपूर्वी कायम झालेली बाई नोकरी सोडायला निघाली होती, हे दुपारपर्यंत व्यवस्थापकांकडे पोचणार.

"राजी आहात ना?" हेडक्लार्कांनी विचारलं. चष्म्यावरून त्यांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, असं मला वाटलं. आईच्या मते तसं काही नव्हतं.

"हो," आई म्हणाली आणि दोन हजेरीपट काखेत घेऊन जिना चढली.

वर्षभर तिने दोन वर्ग सांभाळले. मधली भिंत लाकडी फळ्यांची होती. एक फळी काढून ती दोन्हीकडून दिसेल अशी मधे उभी राहायची. चौथीला गणित घालून तिसरीकडे वळायची. भाऊ म्हणायचा, आईला पण तिसरं बटण आहे. बाबांची बदली त्या वर्षी झाली नाही. पुढे झाली तेव्हा ते एकटे गेले, कारण तोवर घरात नोकरी कुणाची महत्त्वाची हे ठरून गेलं होतं. आई त्याच शाळेतून निवृत्त झाली. शाल, नारळ, दोन भाषणं. दोन्ही भाषणांत तिच्या निष्ठेचा उल्लेख होता आणि तिचा राजीनामा खालच्या मजल्यावर फायलीत होता.

मामाचा धंदा घरोघरी केबल आल्यावर मोडला. त्याने पडदा काढून विकला आणि पेटी आईला दिली. कांदे-बटाटे अजून त्याच कप्प्यात असतात. कडीही तीच.

अलीकडे आईने राजीनाम्याचा धोशा लावला आहे.

"तो कागद घेऊन ये बाई."

"आता काय होणार आहे त्याचं?"

"उद्या एखाद्याने वाचला आणि मंजूर केला तर? पेन्शनचं काय?"

असं होत नाही हे मी तिला समजावून पाहिलं. तिला पटत नाही, आणि खरं सांगायचं तर सरकारी घरात वाढल्यामुळे माझीही पूर्ण खात्री नाही. गेल्या महिन्यात शाळेत गेले. जुन्या फायली जिन्याखालच्या खोलीत आहेत. आताचा क्लार्क तरुण आहे, मराठी अडखळत वाचतो. मी काय हवं ते सांगितलं.

"राजीनामा बोले तो क्या मॅडम, रिझाइन या कॉम्प्रोमाइज?"

मी उत्तर जुळवायला लागले. तेवढ्यात खोलीची किल्ली शिपायाकडे आहे आणि शिपाई रजेवर आहे असं निघालं.

या आठवड्याच्या यादीतलं गॅसचं झालं. आईचे डोळे तपासून झाले. पेटीच्या कप्प्याची बिजागरी बदलली. 'आईचा राजीनामा आणणे' ही ओळ मागच्या यादीवरून या यादीवर उतरवून घेतली आहे. शिपाई सोमवारी येणार, कते.